तलवार बोलत होती तोवर

जुलमी राजा आणि त्याच्याविरुद्ध पुन्हा एकदा तलवार उपसणारे म्हातारे शिलेदार, ही गोष्ट जगभर आवडीने पाहिली जाते. अलेक्झांडर द्यूमाच्या मस्केटिअर्सवर कितीतरी चित्रपट निघाले. आपल्याकडे या जातीचा सगळ्यात लाडका म्हातारा म्हणजे शेलारमामा. १६७० साली कोंढाण्यावर तानाजी पडला, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या या मामाने उदयभानाला गाठलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात १९२३ साली हा प्रसंग ‘सिंहगड’ या मूकपटातून पडद्यावर आणला. आधार होता हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचा. गंमत अशी, की त्यातल्या ऐंशी वर्षांच्या शेलारमामाचं काम करणारा नट होता विशीतला. त्याचं नाव व्ही. शांताराम. मूकपटात आवाज कापरा करायची गरज नव्हती. दाढी, देहबोली आणि तलवार एवढ्यावर काम भागत होतं.

पेंटरांच्याच कंपनीत आणखी एक चपळ पोरगा होता, विठ्ठल नावाचा. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’मध्ये तो नर्तकी म्हणून पडद्यावर आला. पुढे मुंबईत शारदा फिल्म कंपनीत गेला आणि तलवारबाज नायक झाला. हा मास्टर विठ्ठल. लोक त्याला ‘हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणत. त्याच्या उड्या आणि त्याचे पट्ट्याचे हात समजायला भाषा लागत नव्हती. मराठी, गुजराती, उर्दू, कोकणी बोलणारे एकाच बाकावर बसून एकाच वेळी टाळ्या पिटू शकत होते.

त्या टाळ्यांना काळाचाही संदर्भ होता. प्रभातने १९३० साली शिवाजी महाराजांवर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट काढला. ‘स्वराज्य’ हा शब्द इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला खपला नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने लागला. इतिहासातलं नाव घेतलं की कात्री चालायची. कल्पनेतल्या राजाचं तसं नव्हतं. राज्य कुठलं, साल कुठलं, कशाचाच पत्ता नाही. जुलमी राजा तेवढा खरा, आणि तो कोण हे ज्याचं त्याने ओळखायचं.

मग चित्रपट बोलू लागला. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ झळकला. हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा राजपुत्र कोण, तर आपला कोल्हापूरकर विठ्ठल. त्यासाठी तो शारदा कंपनीचा करार मोडून बाहेर पडला. प्रकरण कोर्टात गेलं, तिथे त्याची बाजू बॅरिस्टर जिना यांनी मांडली आणि जिंकली. कोर्टात त्याच्या वतीने बोलायला वकील होता. पडद्यावर मात्र स्वतःच बोलायला हवं होतं, आणि त्याची जीभ उर्दूला वळेना. म्हणून राजपुत्राला बराच वेळ बेशुद्ध, तंद्रीत दाखवलं, असं सिनेमाचे इतिहासकार सांगतात.

या गोष्टीवर लोक हसतात. मला हसू येत नाही. आमच्या घरात दखनी, शाळेत मराठी, आणि कविता आली ती मराठीत. इथे नवी मुंबईत, कोकण-देश-खानदेशातून आलेल्या माणसांच्या शहरात, कवितावाचन संपलं की अजूनही कुणीतरी जवळ येऊन प्रेमाने म्हणतं, ‘तुमचं मराठी छान आहे हो!’ बोलणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण शब्दांआधी उच्चार तपासला गेला, हे मला कळतं. म्हणून तो निजलेला राजपुत्र मला जवळचा वाटतो. ज्या अंगाने दहा शत्रू लोळवले, ते एका ‘क़ाफ’पुढे थिजलं.

हे एकट्या विठ्ठलचं दुखणं नव्हतं. खुद्द फेअरबँक्सने १९२९ साली ‘द आयर्न मास्क’मध्ये वयस्क दार्तान्यां रंगवला. खऱ्या राजाच्या जागी त्याचा दुष्ट जुळा भाऊ बसवला जातो आणि जुने मस्केटिअर्स अखेरचं लढून मरतात, अशी ती गोष्ट. मूकपटांचा नायक म्हणून फेअरबँक्सचा तो शेवटचा चित्रपट. म्हातारे शिलेदार पडद्यावर पडले, आणि त्यांच्याबरोबर एक कलाही पडली.

विठ्ठल मात्र थांबला नाही. १९३३ साली त्याने ‘औट घटकेचा राजा’ दिग्दर्शित केला. त्यात राजपुत्र आणि त्याच्यासारखाच दिसणारा सामान्य मुलगा, अशी दुहेरी भूमिका शाहू मोडकांनी केली. नगरच्या ख्रिस्ती कुटुंबातला हा मुलगा पुढे पडद्यावरचा कृष्ण म्हणून घराघरांत पोचला. त्याच्या कृष्णाचा धर्म कुणी विचारला नाही, हेही याच सिनेमाचं मोठेपण. विठ्ठल पुढे मराठी ऐतिहासिक चित्रपटांत लहानमोठी कामं करत राहिला. १९६९ साली तो गेला.

‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले, त्यांतले मोजकेच हाती आहेत. विठ्ठलच्या तलवारीचा लखलखाट आता बहुतांशी छायाचित्रांत आणि जुन्या जाहिरातींतच शोधावा लागतो. पण पहिल्या बोलपटाचा नायक कोण, असं कुणी विचारलं, तर त्याच्या उच्चारांची गोष्ट सांगण्याआधी त्याच्या तलवारीची सांगावी. आधी ती बोलली होती, आणि ती सगळ्यांना कळली होती.