भूगर्भातील साक्ष : तेलसाठ्यांतील मिथेनजनक सूक्ष्मजीवांचा शोध आणि वऱ्हाडातील लोणार

प्रस्तावना :

इतिहास म्हणजे मानवी कर्तृत्वाचा वृत्तांत, ही व्याख्या आता अपुरी ठरली आहे. हवामान, रोगराई, जंगले आणि जलस्रोत हे इतिहासलेखनाचे विषय झाले आहेत. तरीही विज्ञानाचा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात बहुधा शोध आणि शोधकांच्या सनावळीपुरता येतो. एखादा शोध सिद्ध होण्यास विलंब का लागला, कोणत्या पुराव्यावर शंका घेतली गेली आणि त्या शंकेचे निरसन कसे झाले, हे प्रश्न मागे राहतात. खोल भूगर्भातील खनिज तेलाच्या साठ्यांत मिथेन वायू निर्माण करणारे सूक्ष्मजीव राहतात, या शोधाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यातील मध्यवर्ती वाद इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असाच आहे : समोर आलेले साधन अस्सल की प्रक्षिप्त ? प्रस्तुत लेखात या वादाचा मागोवा घेऊन वऱ्हाडातील लोणार सरोवराशी त्याचा असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका :

इ. स. १७७६ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा याने माज्जोरे सरोवराच्या काठचा चिखल ढवळून वर येणारा ज्वलनशील वायू गोळा केला. हाच पुढे मिथेन म्हणून ओळखला गेला. हा वायू सूक्ष्मजीवांच्या क्रियेतून निर्माण होतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमगू लागले. भारतात त्याचा व्यावहारिक उपयोग मुंबईत झाला. माटुंगा येथील कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ मध्ये मैल्यापासून वायू मिळवून तो दिवाबत्तीसाठी वापरण्यात आला. पुढे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत १९३९ मध्ये एस. व्ही. देसाई यांनी शेणापासून वायूनिर्मितीचे प्रयोग केले. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये 'ग्रामलक्ष्मी' हे संयंत्र सिद्ध केले आणि १९६२ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या नमुन्याचा प्रसार हाती घेतला. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना 'गोबर गॅस' हा शब्द परिचित झाला, तो या परंपरेतून. म्हणजे ज्या जीवांची चर्चा येथे करावयाची आहे, त्यांचे कार्य वऱ्हाडच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेले होते. त्यांची कुळकथा मात्र अज्ञात होती.

प्रक्षिप्ततेचा वाद :

दलदलीत किंवा शेणाच्या टाकीत सूक्ष्मजीव असावेत, यात आश्चर्य नव्हते. परंतु शेकडो मीटर खोलीवरील खडकात, जेथे प्रकाश नाही आणि प्राणवायू नाही, तेथे जीवसृष्टी असू शकेल असे कोणी गृहीत धरले नव्हते. १९२६ मध्ये शिकागो विद्यापीठातील भूवैज्ञानिक एडसन बॅस्टिन यांनी तेलविहिरींतून येणाऱ्या पाण्यात सल्फेटचे क्षपण करणारे जीवाणू असल्याचे प्रसिद्ध केले. त्यांच्या निष्कर्षावर घेतलेला आक्षेप सयुक्तिक होता. विहीर खोदताना वरून पाणी व चिखल आत जातो. मग हे जीवाणू मूळचे भूगर्भातील, की खोदकामाबरोबर खाली गेलेले? जुन्या पोथीत नंतरच्या लेखकाने घुसडलेल्या ओव्यांप्रमाणे ते 'प्रक्षिप्त' असण्याची शक्यता होती.

हा आक्षेप दीर्घकाळ टिकला. १९९३ मध्ये कार्ल श्टेटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर समुद्र व अलास्का येथील तेलसाठ्यांत अतिउष्ण वातावरणात वाढणारे सूक्ष्मजीव आढळल्याचे दाखविले, तेव्हाही तोच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. तेलसाठ्यातील दाब टिकविण्यासाठी समुद्राचे पाणी आत सोडले जाते. त्यासोबत हे जीव गेले नसतील कशावरून?

दरम्यान दोन गोष्टींनी या क्षेत्राचा पाया बदलला. पहिली, प्राणवायूच्या स्पर्शाने नष्ट होणारे जीव प्रयोगशाळेत वाढविण्याचे रॉबर्ट हंगेट यांचे तंत्र. दुसरी, कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांचा १९७७ मधील निष्कर्ष. आरएनए रेणूंची तुलना करून त्यांनी दाखविले की मिथेनजनक सूक्ष्मजीव हे नेहमीच्या जीवाणूंपैकी नसून जीवसृष्टीच्या एका स्वतंत्र शाखेचे घटक आहेत. या शाखेस पुढे 'आर्किया' हे नाव मिळाले. रेणूंतील क्रम हा वंशावळीचा दस्तऐवज होय, ही कल्पना येथे दृढ झाली.

साक्ष कशी सिद्ध झाली :

१९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी प्राणवायूविना हेक्झाडेकेन या लांब साखळीच्या हायड्रोकार्बनचे मिथेनमध्ये रूपांतर होते, हे प्रयोगाने दाखविले. हे कार्य एकट्या जीवाचे नव्हते. काही जीवाणू हायड्रोकार्बनचे विघटन करून ॲसिटेट, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड निर्माण करतात आणि मिथेनजनक आर्किया त्यांपासून मिथेन तयार करतात. हायड्रोजन साचला तर विघटन थांबते. म्हणून एकाचे जगणे दुसऱ्यावर अवलंबून असते.

निर्णायक टप्पा २००८ मध्ये आला. न्यूकॅसल व कॅलगरी येथील संशोधकांनी प्रयोगशाळेतील मिथेननिर्मितीत तेलाचे कोणते घटक कोणत्या क्रमाने नाहीसे होतात, हे तपासले आणि प्रत्यक्ष साठ्यांतील विघटित तेलाशी त्याची तुलना केली. दोहोंत साम्य आढळले. येथे पुराव्याचे स्वरूपच बदलले, हे लक्षात घ्यावयास हवे. आता साक्ष केवळ सूक्ष्मजीवांची नव्हती, तर तेलाची होती. जीव वरून खाली गेले असतील. पण लक्षावधी वर्षांत खाल्ल्या गेलेल्या तेलाची रचना कोणी खोदकामाबरोबर आत नेऊ शकत नाही. एका साधनाची शंका दुसऱ्या स्वतंत्र साधनाने फेडावी, ही इतिहाससंशोधनाची रीतच येथे उपयोगी पडली. हलके घटक नाहीसे होऊन जड तेल का उरते, याचाही उलगडा यातून झाला. साठ्याचे तापमान सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले असल्यास असे विघटन सहसा आढळत नाही, हे निरीक्षणही या मांडणीशी जुळणारे आहे. २०२१ च्या अखेरीस चिनी संशोधकांनी 'मिथेनोलिपेरम' हा आर्किया जोडीदाराविना एकट्यानेच तेलातील लांब साखळ्यांपासून मिथेन निर्माण करतो, असे दाखविल्याने १९९९ चे चित्रही पूर्ण नव्हते, हे स्पष्ट झाले.

लोणारचे स्थान :

वऱ्हाडच्या भूमीत तेलक्षेत्र नाही. परंतु तेलसाठ्यातील मिथेनजनकांचे सगोत्र जीव येथे आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे उल्काघाताने बेसाल्ट खडकात झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर होय. त्यातील पाणी खारे व तीव्र अल्कधर्मी आहे. 'ऐन-ई-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा आणि तेथील काच व साबण बनविण्याच्या द्रव्यांचा उल्लेख येतो. डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी येथील क्षारांची स्थानिक नावे आहेत. लोणारचा लिखित इतिहास असा क्षारांचा इतिहास आहे.

त्याच चिखलातून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील दिलीप रानडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्कधर्मी वातावरणात वाढणारा मिथेनोसार्सिना वेगळा केला. ते संशोधन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. २००७ मध्ये पुण्यातीलच संशोधकांनी येथून मिथेनोकॅल्क्युलस व मिथेनोक्युलियस वंशांतील जीवांची नोंद केली. याच आघारकर संस्थेने पुढे ९१ ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या, उत्पादन घटलेल्या तेलसाठ्यांतून सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तेल मिळविण्याच्या प्रक्रियेवरील संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. लोणारचा चिखल आणि तेलाची विहीर हे दोन विषय अशा रीतीने एकाच संस्थेच्या अभ्यासकक्षेत आले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे कारणही क्षारप्रेमी आर्कियाच असल्याचे तेथील तपासणीत आढळले. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

समारोप :

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष काढता येतात. पहिला, बॅस्टिन यांच्यापासून २००८ पर्यंतच्या ८२ वर्षांत शंका घेणाऱ्यांनी ज्ञानाची वाट अडविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. आक्षेप कठोर होता, म्हणूनच पुरावा सबळ झाला. साधनचिकित्सा शिकविताना हे उदाहरण विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासारखे आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक निकडीचा आहे. दप्तरखान्यातील कागद वाळवीने खाल्ला तर आपण हळहळतो. लोणारच्या तळाचा गाळ हाही दप्तरखानाच आहे. मात्र त्यातील नोंदी पाण्याच्या क्षारतेवर व अल्कधर्मितेवर टिकून आहेत. सांडपाणी व गोड्या पाण्याचा वाढता प्रवाह ती स्थिती पालटू शकतो, आणि तसे झाल्यास तेथील मूळचे जीव कोणते व बाहेरून आलेले कोणते, हे ठरविणे अवघड होईल. तेलविहिरींच्या बाबतीत आठ दशके चाललेला प्रक्षिप्ततेचा वाद मग आपल्याच दारात उभा राहील. तेथे तेलाच्या रूपाने दुसरा साक्षीदार होता. लोणारमध्ये तसा मिळेलच असे नाही. म्हणून वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल, रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी एकत्र येऊन सरोवराच्या पाण्याच्या नियमित, दिनांकित नोंदी ठेवणे आणि जुन्या नोंदींशी त्यांची तुलना करणे आवश्यक आहे. हे काम मोठ्या खर्चाचे नाही. परंतु वेळेवर झाले तरच त्यास इतिहासाच्या साधनाचे मोल येईल.