वऱ्हाडातील खोल भूकंपीय सर्वेक्षण

जमिनीत घडविलेल्या स्फोटाचे तरंग खालच्या थरांवरून परत येण्यास लागणारा वेळ मोजून भूकवचाची रचना व त्यातील विभंग शोधण्याची पद्धती. भारतात तिचा मोठा वापर खनिज तेलाच्या शोधासाठी झाला. मुंबईनजीकच्या समुद्रातील अशा सर्वेक्षणांमुळेच १९७४ मध्ये ‘बाँबे हाय’ हे तेलक्षेत्र हाती आले. संपूर्ण भूकवचाचा छेद मिळविण्याचे काम हैदराबाद येथील राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने १९७२ पासून सोव्हिएट तज्ञांच्या सहकार्याने सुरू केले.

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील पूर्णेचे खोरे वरून सपाट व निश्चल भासते. उत्तरेस मात्र गाविलगडच्या टेकड्या एकाएकी उंचावतात व त्यांच्या पायथ्याशी गाविलगड विभंग आहे. खोऱ्यात गाळाचा जाड थर साचला असून त्यातील भूजल पुष्कळ ठिकाणी खारे आहे (खारपाणपट्टा). गाळाखाली दक्षिण ट्रॅपचे बेसाल्ट असल्याने त्याहून जुने खडक येथे दृष्टीस पडत नाहीत.

के. एल्. कैला व त्यांचे सहकारी यांनी उज्जैनपासून अकोला जिल्ह्यातील महानपर्यंतच्या रेषेवर सर्वेक्षण केले. नर्मदा व तापी यांची खोरी ओलांडणाऱ्या या रेषेचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. येथील भूकवच सु. ४० किमी. जाड असून ते खोलवर गेलेल्या विभंगांनी खंडित झाले आहे, असे त्यांतून दिसले.

या पद्धतीला ट्रॅपच्या प्रदेशात एक मोठी अडचण येते. खाली जावे तसा तरंगांचा वेग वाढत असेल, तरच प्रणमित तरंग वर परततात. बेसाल्टखाली वालुकाश्मासारखे कमी वेगाचे गाळखडक असल्यास त्यांच्या माथ्यावरून असे तरंग येत नाहीत आणि तो थर नोंदींतून निसटतो. त्याचे अस्तित्व तरंगांच्या आगमनात पडणाऱ्या खंडावरून व परावर्तनांवरून ताडावे लागते; म्हणून अशा छेदातील प्रत्येक रेषा सारख्याच खात्रीची मानणे योग्य नव्हे.

स्थिर समजल्या गेलेल्या ट्रॅपच्या प्रदेशातच ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप होऊन सु. १०,००० माणसे दगावली. २२ मे १९९७ रोजी नर्मदा पट्ट्यात जबलपूरलाही हादरा बसला. विभंग कोठे आहे हे भूकंपीय छेद सांगतो. तो अखेरचा केव्हा हालला, हे सांगत नाही. त्यासाठी डोंगरपायथ्याचे अलीकडचे गाळथर तुटले वा सरकले आहेत काय, हे तपासावे लागते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अभ्यासात तापी विभंगावर गेल्या सु. १२,००० वर्षांच्या आत मोठा भूकंप होऊन गेल्याचा पुरावा मांडण्यात आला.