मुंबईतले ३०३

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१च्या अखेरीस एक लहानशी चंदेरी पेटी बाजारात आणली. नाव टीबी-३०३, टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. गिटार वाजवणाऱ्याला एकट्याने सराव करताना बेसची साथ मिळावी, एवढाच तिचा हेतू. पण बेस गिटारसारखा आवाज तिच्यातून निघेना. शिवाय स्वर भरण्याची रीत किचकट : आधी सगळे स्वर भरायचे आणि त्यांचा काळ नंतर वेगळा. सुमारे दहा हजार नग बनवून १९८४मध्ये कंपनीने हे उत्पादन थांबवले.

पुढची गोष्ट आता पाठ झालेली आहे. शिकागोत जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या अशाच पेटीच्या खुंट्या वाजता-वाजता पिळून ‘फ्यूचर’ नावाच्या मंडळींनी १९८७ साली ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली आणि त्या चिरक्या, ओल्या आवाजातून ॲसिड हाऊस हा संगीतप्रकार उभा राहिला. पेटीची आज जी नवी रूपे निघतात, त्यांच्या जाहिरातींतला इतिहास बहुधा इथूनच सुरू होतो.

तो पाच वर्षे आधी, आणि मुंबईतून सुरू करता येतो. चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार, कीबोर्ड, सगळे वाजवत. शंकर-जयकिशन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल, आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांत ते असत. मुंबईच्या स्टुडिओत वाजलेला तो बेस चंडीगडच्या सेक्टर १७मधल्या ‘नीलम’ थिएटरात बसलेल्या प्रेक्षकाच्या छातीत घुमायचा. वाजवणाऱ्याचे नाव त्याला कळण्याची सोय नव्हती. पडद्यावर संगीतकाराचे नाव येई, फार तर साहाय्यकाचे. साठ-सत्तर वादकांचा ताफा निनावीच राही.

या माणसाने सिंगापूरहून रोलँडची तीन यंत्रे आणली : ज्युपिटर-८ हा कीबोर्ड, तालासाठी टीआर-८०८ आणि बेससाठी ३०३. त्यांवर १९८२ साली एचएमव्हीसाठी तबकडी केली, ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. नावात आहे तेच आत आहे. ललत, तोडी, मधुवंती, कलावती, मालकंस असे दहा राग, खाली अखंड डिस्कोचा ठेका. राग ज्युपिटरवर वाजतो आणि त्याखाली ३०३ फिरत राहते. बेस वाजवून पोट भरणाऱ्या माणसानेच बेसवाल्याची जागा घ्यायला निघालेले यंत्र हाती घेतले, ही गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३०३मध्ये एका आवर्तनाला सोळा घरे. प्रत्येक स्वराला जोर द्यायचा की नाही, आणि पुढच्या स्वरावर घसरत जायचे की नाही, हे ठरवता येते. घसरताना नवा आघात होत नाही. स्वर न तुटता दुसऱ्यात मिळतो. ही मींडच, पण गरीब मींड. घसरणीचा वेळ यंत्रात ठरलेला, त्यामुळे जवळच्या स्वरावर जा की लांबच्या, वेळ तेवढाच. श्रुतीही नाहीत, बारा पट्ट्यांचेच स्वर. तोडीतला अतिकोमल गंधार इथे मागायचा नाही. तरी एकाच षड्जाला धरून फिरणे, सुरावट पुन्हापुन्हा घेत राहणे आणि मधूनच घसरणे, हे त्या यंत्राला जमते आणि रागाला चालते. म्हणून ही तबकडी गंमत म्हणून केलेल्या मिश्रणासारखी वाटत नाही, असे माझे मत.

तबकडी खपली नाही. हॉलंडच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने २०१०मध्ये ती पुन्हा काढली, तेव्हा १९८२ हे साल वाचून काहींना हा बनावच वाटला.

दरम्यान मूळ पेट्या दुर्मीळ आणि भलत्याच महाग झाल्या होत्या. १९९७मध्ये ‘प्रोपेलरहेड’ या स्वीडिश कंपनीने ‘रीबर्थ’ काढून ३०३ संगणकाच्या पडद्यावर आणली. २००५ साली अमेरिकेत लिमोर फ्राइड यांनी सुटे भाग घेऊन घरी जोडायचा संच केला आणि त्याचे आराखडे सर्वांना खुले ठेवले. असे संच जोडणारे बंद झालेले जपानी ट्रान्झिस्टर शोधत हिंडत, कारण आवाजातला फरक त्यांना ऐकू येई. रोलँडने स्वतः २०१४मध्ये टीबी-३ आणि २०१६मध्ये मूळ रूपाची टीबी-०३ आणली. दोन्ही आतून डिजिटल. बेरिंगरने २०१९मध्ये टीडी-३ काढली, ती पुन्हा ॲनालॉग आणि अगदी स्वस्त. जो आवाज बेस गिटारची नक्कल करताना चुकला, त्या चुकीची हुबेहूब नक्कल करण्यावर आता एवढी मेहनत.

‘ॲसिड हाऊसचा जनक’ ही पदवी चरणजीत सिंगांना पुनर्मुद्रणानंतर मिळाली. ती मला पटत नाही. शिकागोकरांनी ही तबकडी ऐकली होती असे दाखवणारे काही नाही आणि सिंगांनाही शिकागोचे काही करायचे नव्हते. त्यांना राग वाजवायचे होते. शिकागोच्या मापात बसवून मोठे केले, की मधुवंती कशी वाजली आहे हे कोणी विचारतच नाही. अखेरच्या काही वर्षांत युरोपातल्या रंगमंचांवर त्यांनी ते दहा राग पुन्हा वाजवले, समोर नाचणारी तरुण गर्दी. जुलै २०१५मध्ये मुंबईत ते वारले.