ब्लॅकजॅक : पत्ते मोजणाऱ्यांचे संघ

रूलेटच्या चाकाला मागच्या फेरीची आठवण नसते. ब्लॅकजॅकचे तसे नाही. वाटला गेलेला पत्ता पुन्हा पिसेपर्यंत परतत नाही, त्यामुळे उरलेल्या पत्त्यांचे स्वरूप डावागणिक बदलत जाते. त्यांत एक्के, दश्श्या आणि चित्रे अधिक असतील तर फायदा खेळणाऱ्याचा. पहिल्या दोन पानांत एकवीस झाल्यास त्याला पैजेच्या दीडपट रक्कम मिळते. शिवाय सतरा होईपर्यंत पान घेणे बंधनकारक असलेला डीलर एकवीसच्या पुढे जाऊन बाद होण्याची शक्यता वाढते. अमेरिकी गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी संगणकाच्या साहाय्याने केलेली ही मांडणी ‘बीट द डीलर’ या पुस्तकाद्वारे १९६२ मध्ये सर्वांसमोर आली.

पत्ते मोजण्यासाठी अचाट स्मरणशक्ती लागते, हा समज चित्रपटांनी रूढ केला. सर्वाधिक प्रचलित ‘हाय-लो’ पद्धतीत दुर्री ते छक्की पडली की एक मिळवायचा. दश्शी, गुलाम, राणी, राजा वा एक्का पडला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी सोडून द्यायची. आलेल्या बेरजेला न वाटलेल्या कॅटांच्या संख्येने भागायचे. बेरीज १२ आणि कॅट चार उरले असतील, तर खरा आकडा ३. अचूक खेळणाऱ्याविरुद्धही कॅसिनोची आघाडी साधारण अर्धा टक्का असते आणि खऱ्या आकड्यातील प्रत्येक गुण सुमारे अर्धा टक्का खेळणाऱ्याकडे झुकवतो. म्हणजे आकडा ३ झाला तरी हाती लागते ती जेमतेम एक टक्क्याची आघाडी.

अडचण गणितात नाही, ती पैजेत आहे. आकडा अनुकूल होताच दहा डॉलरवरून पाचशेवर उडी घेणारा माणूस टेबलामागच्या निरीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. यावर १९७० च्या दशकाच्या आरंभी अल फ्रान्सेस्को यांनी श्रमविभागणीचा तोडगा काढला. संघातील मोजणारे वेगवेगळ्या टेबलांवर किमान रकमेच्या पैजा लावत निमूट बसत. पत्ते अनुकूल झाले की ठरलेली खूण होई आणि ‘बिग प्लेअर’ म्हणून नेमलेला सहकारी येऊन मोठ्या पैजा लावी. आकडा उतरला की तो उठून दुसरीकडे जाई. पाहणाऱ्यांना दिसे तो एक लहरी धनिक; त्याची पैज कमी-जास्त होतच नसे, मग संशय कशाचा घ्यायचा? या भूमिकेत नाव कमावलेले केन उस्टन हे पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंजमधील वरिष्ठ अधिकारी. त्यांनीच १९७७ च्या पुस्तकात ही युक्ती जाहीर केली आणि फ्रान्सेस्को यांच्या संघाचा गाशा गुंडाळला गेला.

संघाचा दुसरा लाभ भांडवलाचा. एक टक्क्याच्या आघाडीत सलग अनेक दिवस तोटा होणे अगदी स्वाभाविक असते. एकटा खेळाडू तेवढ्यात कफल्लक होतो. दहा जणांचा खेळ एकाच निधीतून चालला तर डावांची संख्या वाढते आणि चढउतार लवकर समतोल होतात. बोस्टनजवळच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांच्या संघाला बिल कॅप्लान यांनी १९८० मध्ये अशीच शिस्त लावली. सुरुवातीचे भांडवल ८९ हजार डॉलर. कठोर चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय कोणालाही संघाच्या पैशावर खेळू दिले जात नसे. आकडा पोहोचवण्यासाठी सांकेतिक शब्द असत. पुढे या संघावर बेतलेल्या ‘ट्वेंटीवन’ (२००८) या चित्रपटात सूत्रधार प्राध्यापक दाखवला आहे; तो कल्पित. आपल्याकडच्या ‘तीन पत्ती’तही (२०१०) गणिताचे प्राध्यापक झालेले अमिताभ बच्चन विद्यार्थ्यांना घेऊन जुगाराच्या अड्ड्यांवर जातात.

खरी कसोटी मात्र विश्वासाची. हजारो डॉलर रोख घेऊन फिरणारा सहकारी ‘आज हरलो’ म्हणाला, तर ते पडताळायचे कसे? काही संघांनी त्यासाठी असत्यशोधक यंत्राचा आधार घेतला, यातच सारे आले.

केवळ डोक्यात पत्ते मोजणे हा अमेरिकेत गुन्हा नाही. तरीही नेवाडातील कॅसिनो अशा खेळाडूला खेळण्यास मनाई करू शकतात. न्यू जर्सीत उस्टन न्यायालयात गेले आणि १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅसिनोंना स्वतःच्या मर्जीने अशी बंदी घालता येणार नाही, असा निर्णय दिला. मग कॅसिनोंनी खेळच बदलला. कॅट वाढवले, पिसणे लवकर सुरू केले, सतत पिसणारी यंत्रे बसवली. अनेक टेबलांवर पिसणे होईपर्यंत नव्या खेळाडूला प्रवेश नाही, हा नियम तर थेट ‘बिग प्लेअर’वरच रोखलेला. त्याहून परिणामकारक ठरली ती साधी दरकपात : एकवीसवर शंभर डॉलरला दीडशेऐवजी एकशेवीस. एवढ्या बदलाने कॅसिनोची आघाडी सुमारे १.४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मोजणाऱ्याचे जवळपास तीन गुण त्यातच खर्ची पडतात.