उद्यान ट्रॅक्टर

उद्यान ट्रॅक्टर : भाजीपाल्याचे मळे, फळबागा, रोपवाटिका आणि घराभोवतीची लहान शेते यांच्या मशागतीसाठी वापरले जाणारे कमी शक्तीचे स्वयंचलित यंत्र. त्याची शक्ती सामान्यतः २ ते २० अश्वशक्ती असते. याचे दोन मुख्य प्रकार आहेत. दुचाकी प्रकारात चालक यंत्रामागून दांड्या धरून चालतो, तर चारचाकी प्रकारात तो यंत्रावर बसतो. नांगरणी, कुळवणी, तण काढणे, गवत कापणे, फवारणी, पाणी उपसणे, लहान गाडी ओढणे इ. कामे योग्य ती जोडअवजारे लावून त्याच्याकडून करून घेता येतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यात ही यंत्रे तयार करणाऱ्या अनेक कंपन्या पुढे बंद पडल्या किंवा दुसऱ्यांच्या हाती गेल्या. तरीही त्यांची यंत्रे अमेरिका, ब्रिटन इ. देशांत मोठ्या संख्येने चालू स्थितीत आहेत. ती जुळवून, दुरुस्त करून चालविणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळांना याचे श्रेय जाते. भारतात जुनी यंत्रे हौसेपेक्षा गरजेपोटी चालू ठेवली गेली. ती चालू ठेवणारे कौशल्य येथे विपुल होते, परंतु यंत्र निकामी झाल्यावर ते जपण्याची प्रथा रुजली नाही. त्यामुळे लहान ट्रॅक्टरचा येथील इतिहास मोडीच्या बाजारात नाहीसा होत आहे.

रचना व कार्य : जुन्या उद्यान ट्रॅक्टरची रचना अत्यंत साधी असते. बहुतेकांत एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे पेट्रोल एंजिन असते. एंजिनाची गती पट्टा किंवा दंतचक्रे यांच्याद्वारे चाकांपर्यंत पोहोचविली जाते आणि ती तोडण्या-जोडण्यासाठी क्लच असतो. काही यंत्रांत तर पट्टा सैल सोडणे हेच क्लचचे कार्य असते. ठिणगी निर्माण करण्यासाठी विद्युत् घटमालेऐवजी प्रचक्रात बसविलेल्या चुंबकाचा (मॅग्नेटोचा) उपयोग केलेला असल्याने यंत्र वर्षानुवर्षे पडून राहिले, तरी ते पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. दोन चाकांतील अंतर कमी असल्यामुळे ते पिकांच्या ओळींमधून जाऊ शकते. यंत्राचे बहुतेक भाग बिडाचे अथवा जाड पोलादी पत्र्याचे असून साध्या पान्यांनी सुटे करता येतात. ही यंत्रे दीर्घायुषी ठरण्यास हा साधेपणाच मुख्यतः कारणीभूत आहे.

ऐतिहासिक आढावा : मोठे ट्रॅक्टर प्रचारात येत असतानाच लहान शेतकऱ्याला परवडेल अशा यंत्राचा शोध सुरू झाला होता. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील बेंजामिन फ्रँक्लिन ग्रेव्हली हे व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांनी मोटारसायकलीचे भाग वापरून एक चालता नांगर तयार केला आणि १९१६ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. याच सुमारास मिनीॲपोलिस येथील बीमन कंपनीचा दुचाकी ट्रॅक्टरही बाजारात आला. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांनी १९१२ च्या सुमारास फिरत्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याचे प्रयोग केले. आज महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला ‘रोटाव्हेटर’ हा शब्द त्यांच्याच यंत्रापासून आलेला आहे. इंग्लंडमध्ये इप्सविच येथील रॅन्सम्स कंपनीने १९३६ मध्ये मळ्यांसाठी पट्ट्यावर चालणारा एमजी-२ हा छोटा ट्रॅक्टर काढला.

दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्रांचा खरा प्रसार झाला. अमेरिकेत शहरांभोवती वसाहती वाढल्या आणि घरामागे बाग व हिरवळ असणे ही सर्वसामान्य गोष्ट झाली. १९४६ मध्ये इंडियाना राज्यात व्हील हॉर्स या यंत्राची निर्मिती सुरू झाली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९४७ मध्ये लहान शेतांसाठी फार्मॉल कब हा सु. १० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणला. त्याचे एंजिन मध्यरेषेच्या एका बाजूस बसविलेले असल्याने चालकाला पिकाची ओळ समोर स्पष्ट दिसे. त्याच कंपनीचा कब कॅडेट १९६१ च्या सुमारास व जॉन डिअर कंपनीचा ११० हा नमुना १९६३ मध्ये बाजारात आला. या दोन्हींत सात अश्वशक्तीचे कोलर एंजिन होते. जपानमध्ये जमीनसुधारणांमुळे लहान जमीनमालकांचा वर्ग निर्माण झाला. त्याची गरज ओळखून कुबोटा कंपनीने १९४७ मध्ये दुचाकी मशागतयंत्र व १९६० मध्ये चारचाकी छोटा ट्रॅक्टर तयार केला. आशियातील भातशेतीत पुढे हेच जपानी वळण रूढ झाले.

हौशी जतनाचा उगम : जुन्या शेतीयंत्रांबद्दलची आस्था प्रथम वाफेच्या एंजिनांच्या बाबतीत दिसून आली. अमेरिकेत आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे १९५० पासून जुन्या मळणीयंत्रांचा मेळावा भरतो. ब्रिटनमध्ये जुने ट्रॅक्टर व एंजिने यांचे राष्ट्रीय मंडळ १९६५ मध्ये स्थापन झाले. मोठा ट्रॅक्टर ठेवण्यास कोठार व तो वाहून नेण्यास मालमोटार लागते. उद्यान ट्रॅक्टर मात्र घराच्या पडवीत मावतो आणि लहान गाडीवर चढविता येतो. त्यामुळे मर्यादित उत्पन्नाचे कामगार, निवृत्त लोक व तरुण मुले यांनाही हा छंद साधतो.

या मंडळांचे कार्य केवळ प्रदर्शनापुरते नसते. सभासद बंद पडलेल्या कंपन्यांच्या माहितीपुस्तिका जमवून त्यांच्या प्रती काढतात, अनुक्रमांकांवरून यंत्राचे निर्मितिवर्ष ठरवितात, न मिळणारे भाग साचा बनवून ओतून घेतात आणि एका मोडक्या यंत्राचे भाग दुसऱ्यास पुरवितात. मेळाव्यांत नांगरणीच्या स्पर्धा होतात व यंत्रे प्रत्यक्ष चालविली जातात. वर्षभर पडवीत एकट्याने केलेल्या कामाची पारख येथे जाणकारांकडून होते, आणि अडलेल्याला उपायही येथेच सापडतो.

दुरुस्तीची पद्धती : दीर्घकाळ उघड्यावर पडलेल्या यंत्रात दट्ट्या (पिस्टन) सिलिंडरमध्ये गंजून घट्ट बसलेला असतो. तो जोराने फिरविल्यास भाग तुटण्याचा धोका असतो. म्हणून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडून काही दिवस वाट पाहतात आणि नंतर प्रचक्र हाताने हळूहळू मागेपुढे करतात. दट्ट्या मोकळा झाल्यावर ठिणगी, इंधन व दाब या तीन गोष्टी क्रमाने तपासतात. मॅग्नेटोचे स्पर्शबिंदू घासून स्वच्छ करणे, ठिणगी गुडदी (स्पार्क प्लग) बदलणे, कार्ब्युरेटरमधील साका काढणे व झडपा घासून बसविणे एवढ्याने पुष्कळ एंजिने सुरू होतात. सिलिंडर झिजलेला असल्यास तो कातून मोठ्या मापाचा दट्ट्या व नवी कडी (रिंगा) बसवावी लागतात.

यंत्र पूर्ववत करताना कोठे थांबावे, याविषयी हौशी लोकांत मतभेद आहेत. काहींच्या मते यंत्र कारखान्यातून बाहेर पडले त्या वेळच्या रंगरूपात आणले पाहिजे. इतरांच्या मते झिजलेला रंग, शेतकऱ्याने केलेले सांधकाम व बदललेले भाग हाही यंत्राच्या इतिहासाचा पुरावा असून तो पुसला जाऊ नये. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही काळजी घ्यावी लागते. जुन्या यंत्रांत फिरत्या पट्ट्यांवर व दांड्यांवर आच्छादन नसते, तसेच त्यांच्या क्लचमध्ये व बंधकांत (गॅस्केटांत) ॲस्बेस्टस असण्याची शक्यता असते.

भारत : भारतात ट्रॅक्टर प्रथम जमीन मोडण्याचे अवजड साधन म्हणून परिचित झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेने मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी लागवडीखाली आणण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी लागणाऱ्या यंत्रांकरिता १९४९ मध्ये जागतिक बँकेने १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. शेतकऱ्यांना निरनिराळ्या देशांची अवजारे एकत्र पाहावयास मिळाली ती दिल्लीच्या जागतिक कृषी प्रदर्शनात. डिसेंबर १९५९ मध्ये सुरू झालेल्या या प्रदर्शनामागे अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख यांची प्रेरणा होती. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रीय मंत्रिमंडळात कृषी खात्याशी संबंधित मंत्री होते.

देशातील उत्पादनास १९५९ मध्ये फरीदाबाद येथे आयशर ट्रॅक्टरच्या जोडणीने आरंभ झाला. या कंपनीचे एका सिलिंडरचे, हवेने थंड होणारे ट्रॅक्टर त्यांच्या साध्या रचनेमुळे दीर्घकाळ लोकप्रिय राहिले. मुंबईत महिंद्र कंपनीने इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने १९६३ मध्ये कंपनी स्थापन केली व बी-२७५ हा ट्रॅक्टर आणला. म्हणजे अमेरिकेत कब बनविणाऱ्या कंपनीची यंत्रविद्या महाराष्ट्रातही आली, पण ती मोठ्या ट्रॅक्टरच्या रूपाने. दुचाकी यंत्रांचे जपानी नमुने बंगळूर येथे व्हीएसटी कंपनीने (१९६७) व केरळमध्ये कॅम्को या शासकीय कंपनीने (१९७३) तयार करण्यास घेतले. पुढे लहान चारचाकी ट्रॅक्टरही निघाले. २०११ च्या सुमारास आलेला महिंद्र युवराज हा १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर त्यांपैकी होय.

कारखान्यांबाहेरही प्रयत्न झाले. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलीच्या मागील बाजूस दोन चाके व अवजारांची चौकट जोडून ‘बुलेट सांती’ तयार केली. ग्रेव्हली यांनी सु. ऐंशी वर्षांपूर्वी अनुसरलेलाच हा मार्ग होता. हाताशी असलेले मोटारसायकलीचे एंजिन शेताकडे वळविणे ही कल्पना दोन्ही ठिकाणी परिस्थितीतूनच सुचली.

महाराष्ट्र व वऱ्हाड : नाशिक व सांगली भागांतील द्राक्षबागा, तसेच अमरावती जिल्ह्यातील वरुड-मोर्शी भागातील संत्र्याच्या बागा यांत झाडांच्या ओळींमधून जाणाऱ्या अरुंद ट्रॅक्टरला स्वाभाविकपणेच मागणी आली. वऱ्हाडातील कापसाच्या शेतात हे काम परंपरेने बैलांच्या डवऱ्याने होते. काळ्या जमिनीत पावसाची उघडीप मिळताच डवरणी उरकावी लागते. बैलजोडी पाळणे महाग होत गेले, तसा लहान यंत्राचा विचार होऊ लागला.

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकास सातपुड्यात वसलेल्या धारणी परिसरात या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. सिपना, गडगा इ. नद्यांच्या खोऱ्यांतील या मुलखात कोरकू समाजाची वस्ती मोठी असून शेते उताराची व लहान आहेत. मोठा ट्रॅक्टर वळविण्यास अशा शेतात जागा कमी पडते आणि यंत्र बिघडल्यास परतवाडा किंवा मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर यांसारख्या दूरच्या बाजारपेठेकडे पाहावे लागते. अशा ठिकाणी यंत्राची शक्ती किती यापेक्षा ते गावातच उघडून बसविता येते की नाही, याला महत्त्व असते. जुन्या उद्यान ट्रॅक्टरच्या रचनेचा अभ्यास येथे केवळ हौसेचा विषय राहत नाही.

तालुक्याच्या गावांतील मिस्त्री व फिटर यांनी हा अभ्यास पुस्तकांवाचून केला आहे. बोअर पाडणे, स्लीव्ह बसविणे, क्रँक घासून घेणे, न मिळणारा भाग लेथवर उतरविणे, एका कंपनीच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कंपनीचा भाग जुळविणे ही कामे ते नित्य करतात. पाश्चात्त्य देशांतील हौशी मंडळांत हीच कौशल्ये प्रयत्नपूर्वक शिकविली जातात. फरक इतकाच की, तेथे प्रत्येक दुरुस्तीची टिपणे व छायाचित्रे राहतात, तर येथील ज्ञान उस्तादाकडून हाताखालच्या मुलाकडे तोंडी जाते. तो मुलगा दुसऱ्या व्यवसायात गेला, की ही साखळी तुटते.

जतनाचे प्रश्न : भारतात जुन्या मोटारगाड्यांना प्रतिष्ठा लाभली आहे, पण ती जुन्या ट्रॅक्टरच्या वाट्यास आलेली नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या ऐतिहासिक नोंदणीचे नियम केले. त्यांत दुचाक्या व प्रवासी मोटारगाड्या यांचा समावेश होता, ट्रॅक्टरचा नव्हता. लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठात १९७४ पासून ग्रामीण जीवनाचे संग्रहालय आहे आणि दिल्लीत २००४ पासून राष्ट्रीय कृषिविज्ञान संग्रहालय आहे. परंतु एखाद्या प्रदेशातील शेतकऱ्यांनी कोणते यंत्र का घेतले, ते कसे वापरले व कसे चालू ठेवले, हा इतिहास त्या त्या प्रदेशातच जमविता येतो.

एचएमटी या शासकीय कंपनीने १९७१ मध्ये पिंजोर येथे सुरू केलेले ट्रॅक्टरचे उत्पादन २०१६ मध्ये कायमचे बंद करण्याचा निर्णय झाला. आयशरचा ट्रॅक्टर-व्यवसाय २००५ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेला. म्हणजे पाश्चात्त्य देशांत जी परिस्थिती हौशी मंडळांच्या कार्यास कारण झाली, ती भारतातही निर्माण झाली आहे. यंत्र शिल्लक आहे, त्याचा कर्ता उरलेला नाही आणि ते जाणणारा कारागीर वृद्ध होत आहे. अशा वेळी जुने यंत्र, त्याची माहितीपुस्तिका व ते दुरुस्त करणाऱ्याचे कथन ही तिन्ही एकत्र जपली गेली, तरच त्या यंत्राचा पुढील पिढीस अर्थ लागेल. नुसते रंगवून ठेवलेले यंत्र पाहून ते कसे चालत होते हे कळत नाही.