गिटारवादकाची वाद्यसंख्या : एक ऐतिहासिक विचार

वाद्यांच्या इतिहासाविषयी लिहिणाऱ्यांचे लक्ष सामान्यतः वाद्याच्या घडणीकडे आणि वादकाच्या कर्तृत्वाकडे असते. एका वादकापाशी एकाच जातीची किती वाद्ये होती आणि ती का होती, हा प्रश्न घरगुती हिशेबाचा समजून बाजूस ठेवला जातो. तो विचारला गेलाच, तर त्याचे उत्तर बहुधा नीतीच्या भाषेत मिळते : खऱ्या कलावंतास एक वाद्य पुरते; अनेक बाळगणे हा श्रीमंतीचा किंवा हौसेचा प्रकार होय. गिटारच्या बाबतीत हे मत विशेष रूढ आहे. प्रस्तुत लेखात ते तपासून पाहावयाचे आहे. आमच्या मते त्यात कालविपर्यास आहे. एकाहून अधिक गिटारींची गरज जुनी आहे. एकाच गिटारवरील निष्ठा ही त्या मानाने नवी असून एका विशिष्ट वाद्यरचनेमुळे ती शक्य झाली.

प्रारंभी जुन्या याद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण या विषयावरील पुष्कळसा गोंधळ त्यांतूनच निर्माण होतो. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री 1547 च्या जानेवारीत वारला. त्यानंतर त्याच्या चीजवस्तूंची जी मोजदाद झाली तीत वीसहून अधिक ल्यूट आढळतात, आणि गिटारचे पूर्वरूप असे चार गिटर्न त्यांच्या पेट्यांसह नोंदलेले आहेत. ऑग्सबुर्ग येथील रायमुंड फुगर या धनाढ्य सावकारपुत्राच्या 1566 च्या यादीत तर एकट्या ल्यूटचीच संख्या सुमारे 140 भरते. हेन्री स्वतः ल्यूट वाजवीत असे. परंतु 140 ल्यूट कोणी एका माणसाने वाजविल्या नसणार, हे सांगावयास नको. अशा याद्या लिहिणारा लेखनिक वाद्याचे साहित्य पाहतो, पेटी पाहतो. तारा कशा लावल्या होत्या हे तो लिहीत नाही. म्हणून या याद्यांवरून मालकाची कल्पना येते, वादकाची येत नाही. वादकाची गरज समजून घ्यावयाची तर यादी सोडून शिक्षणग्रंथांकडे वळले पाहिजे.

या दृष्टीने गास्पार सांस याचा ग्रंथ मोलाचा आहे. स्पॅनिश गिटारच्या शिक्षणावरील हा ग्रंथ 1674 मध्ये सारागोसा येथे प्रसिद्ध झाला. त्या काळच्या गिटारला आजच्यासारख्या सहा सुट्या तारा नव्हत्या; तातीच्या पाच जोडतारा असत. पहिल्या तीन जोड्यांविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो चौथ्या व पाचव्या जोडीविषयी. स्पेनमध्ये या जोड्यांना खर्जाच्या जाड तारा लावण्याची रीत होती. रोममध्ये सांसने ज्या उस्तादांना ऐकले ते मात्र तेथेही बारीक तारा वापरीत, म्हणजे या दोन जोड्या एक सप्तक वर चढत. सांसने दोन्ही पद्धती सांगितल्या आणि त्यांचे क्षेत्रही वेगळे करून दिले. ज्यास भरघोस झंकार हवा असेल, किंवा दुसऱ्याच्या गायनवादनास खर्जाचा आधार द्यावयाचा असेल, त्याने जाड तारा घ्याव्यात. ज्यास एकेक स्वर नाजूकपणे छेडावयाचा असेल त्याने बारीक.

हा भेद केवळ रुचीचा नव्हता. बारीक तारा लावल्या म्हणजे हाताच्या दृष्टीने सर्वांत वरच्या बाजूस असलेल्या तारा स्वराच्या दृष्टीने खालच्या राहत नाहीत. त्या मधल्या तारांच्या स्वरांत मिसळतात. त्यामुळे सरळ स्वरावलीतील लागोपाठचे स्वर निरनिराळ्या तारांवर वाटून देता येतात, आणि एक स्वर विरण्यापूर्वीच दुसरा उमटल्यामुळे घंटांचा नाद एकमेकांत मिसळावा तसा परिणाम साधतो. स्पॅनिश वादक यास घंटिकांवरूनच 'कँपानेलास' म्हणत. आता त्याच गिटारला खर्जाच्या तारा लावून तीच बोटे तशीच ठेवली, तर स्वरावलीतील मधलेच स्वर एक सप्तक खाली कोसळतात आणि चाल मोडते. त्या काळची लिपी कोणती तार कोणत्या पडद्यावर दाबावयाची एवढेच सांगते. स्वराचे सप्तक सांगत नाही. अर्थात छापील पान एकच, पण तारा बदलल्या की संगीत बदलले.

येथे कोणी म्हणेल, की मग तारा बदलाव्यात. गिटार कशाला बदलावयाची? हा आक्षेप ज्याने तातीची तार कधी लावलेली नाही त्याचाच असू शकतो. नवी तात ताणली की सैल पडत राहते. ती स्थिरावण्यास वेळ लागतो. हवा दमट झाली की स्वर ढळतो, आणि ऐन वेळी तार तुटते ती वेगळीच. योहान मॅथेसन या जर्मन लेखकाने 1713 मध्ये ल्यूटवाल्यांची थट्टा करताना म्हटले होते, की ऐंशी वर्षे जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षे तारा लावण्यातच गेलेली असतात. थट्टा असली तरी तिच्या मुळाशी अनुभव आहे. सांसच्या विवेचनावरून प्रत्येक वादकाच्या घरी दोन गिटारी होत्याच असे सिद्ध होत नाही. पुष्कळांनी एक पद्धत निवडून दुसरी सोडून दिली असेल. परंतु ज्यास दोन्ही हव्या होत्या त्याच्यापुढे दुसऱ्या गिटारवाचून सोयीचा मार्ग नव्हता, एवढे निश्चित.

आपल्याकडील वाचकास यात नवल वाटू नये. तबलजीपाशी डग्गा बहुधा एकच असतो, पण तबले दोन-तीन तरी असतात. गायकाची पट्टी काळी एक की पांढरी चार यावर कोणता तबला बाहेर काढावयाचा ते ठरते. त्यास कोणी चैन म्हणत नाही. एका तबल्याचा स्वर काही मर्यादेपलीकडे चढत-उतरत नाही, हे श्रोत्यांना ठाऊक असते. गिटारच्या खुंट्या भराभर फिरतात म्हणून तिला ही मर्यादा नाही असे पाहणाऱ्यास वाटते, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जोडतारा जाऊन सहा सुट्या तारा रूढ झाल्या. तरी अनेकता संपली नाही. व्हिएन्नामध्ये नेहमीच्या गिटारपेक्षा आखूड अशी 'टेर्त्स' गिटार प्रचारात होती. तिच्या तारा तीन अर्धस्वर वर लावीत. माउरो जूलियानी याने आपला तिसरा कंचेर्तो तिच्यासाठीच लिहिला, आणि योहान कास्पार मेर्त्सने नेहमीची गिटार व टेर्त्स गिटार यांची युगुलवादने रचली. तिसऱ्या पडद्यावर कॅपो आवळूनही तोच स्वर मिळतो हे खरे. पण आखूड गिटारचा तेजस्वी आवाज त्याने मिळत नाही.

यानंतर जे घडले ते या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. आल्मेरियाचा कारागीर आंतोनियो दे तोरेस (1817-1892) याने गिटारचा देह मोठा केला, वरची फळी पातळ केली, तिच्याखालील पंख्यासारख्या पट्ट्यांची रचना सुधारली, आणि तारेची लांबी सुमारे 65 सेंटिमीटर ठेवली. यांपैकी बहुतेक गोष्टी त्याच्या पूर्वीही सुट्या सुट्या आढळतात. त्याने त्यांचा मेळ घातला. ही गिटार झंकारही देई, नाजूक छेडही झेली, आणि मोठ्या दालनात ऐकू येई. पूर्वी जी कामे दोन-तीन वाद्यांत वाटली गेली होती ती आता एकीत येऊन बसली. फ्रांसिस्को तार्रेगा याने तोरेसची 1864 ची गिटार तरुणपणी मिळविली आणि सुमारे वीस वर्षे ती वाजविली. गुरू, त्याची एक गिटार आणि तिच्याशी त्याचे आयुष्यभराचे नाते, हे चित्र येथून आकारास आले. ते खोटे नाही. मात्र अशी गिटार घडण्यापूर्वी ते संभवनीय नव्हते, हे विसरले जाते.

आंद्रेस सेगोव्हिया (1893-1987) याच्या गिटारी या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. माद्रिद येथील मानुएल रामिरेसच्या कारखान्यातील 1912 ची गिटार त्याने सुमारे पंचवीस वर्षे वाजविली. 1924 मध्ये म्युनिक येथे त्याची हेर्मान हाउझर या कारागिराशी गाठ पडली. हाउझरने स्पॅनिश पद्धतीच्या गिटारी करून पाहण्यास आरंभ केला, त्या सेगोव्हियास दाखविल्या, दोष ऐकून घेतले, पुन्हा केल्या. सेगोव्हियाचे पूर्ण समाधान झाले ते 1937 च्या गिटारने. या दोन्ही गिटारी 1986 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यात आल्या. एकामागून एक आलेल्या या गिटारींना संग्रह म्हणणे चूक होईल. तो एका आवाजाचा शोध होता. एका क्षणी हाताशी असलेल्या गिटारी आणि आयुष्यभरात हातून गेलेल्या गिटारी यांची बेरीज करणारा अभ्यासक दोन भिन्न राशी मिसळतो.

विजेच्या गिटारने प्रश्न पुन्हा उघडला. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे शो-बड नावाचे दुकान होते. 1969 मध्ये विली नेल्सनने तेथून मार्टिन कंपनीची एक गिटार घेतली. तातीच्या, म्हणजे एव्हाना नायलॉनच्या, तारांची ही गिटार. तिला आवाज वाढविणारे पिकअप त्याच दुकानात बसविले गेले. ती त्याने पुढे अर्धशतकाहून अधिक काळ वाजविली. सततच्या वादनाने घोडीजवळच्या फळीस भोक पडले, तरी त्याने ती टाकली नाही. पुढच्याच वर्षी एरिक क्लॅप्टन त्याच दुकानात आला आणि त्याने फेंडर कंपनीच्या सहा जुन्या स्ट्रॅटोकॅस्टर विकत घेतल्या. तीन मित्रांना दिल्या. उरलेल्या तीन सुट्या करून त्यांचे उत्तम भाग जुळविले आणि एक गिटार तयार केली. 'ब्लॅकी' या नावाने ती प्रसिद्ध पावली, आणि 2004 च्या लिलावात 9 लाख 59 हजार 500 डॉलरांना गेली. दुकानाच्या वहीत एकाच्या नावे एक गिटार आणि दुसऱ्याच्या नावे सहा असतील; परंतु दोघेही शोधीत होते ती एकच गिटार. केवळ आकड्यावरून एकास साधा आणि दुसऱ्यास उधळा ठरविणारा निष्कर्ष येथे कसा फसतो हे वेगळे सांगणे नको.

सांसची अडचणही या काळात नव्या वेषात परत आली. जोनी मिचेल या कॅनेडियन गायिकेस बालपणी पोलिओ झाला होता. त्यामुळे दुबळ्या झालेल्या डाव्या हातास नेहमीच्या पकडी जड जात. तिने गिटारच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावून आपली वाट काढली, आणि अशा स्वरजुळण्यांची संख्या पन्नासांवर गेली. गाण्यागणिक तारा फिरवाव्यात तर कार्यक्रम रखडतो आणि ताणलेल्या तारा पुन्हा ढळतात. गिटारच बदलावी तर अनेक जवळ बाळगाव्या लागतात. 1995 पासून ती रोलँड कंपनीचे एक विद्युत्-यंत्र वापरू लागली. त्यात गिटारच्या तारांना हात न लावता त्यांचा स्वर बदलता येई. यंत्र आले आणि मंचावरील गिटारींची गरज कमी झाली. ही गरज तारांची होती, हौसेची नव्हती, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

हौस नसतेच असे मात्र आम्ही म्हणत नाही. डेव्हिड गिल्मोरच्या 120 हून अधिक गिटारी 2019 मध्ये न्यूयॉर्कला लिलावात निघाल्या आणि त्यांचे सुमारे 2 कोटी 15 लाख डॉलर आले. ती रक्कम त्याने पर्यावरणरक्षणाच्या कार्यास दिली. त्यांत नित्य वाजणाऱ्या किती, विशिष्ट स्वरजुळणीसाठी राखलेल्या किती, आणि पेटीतच राहिलेल्या किती, हे एकूण आकडा सांगत नाही. फुगरच्या यादीपुढे जी अडचण, तीच 453 वर्षांनंतरच्या या आकड्यापुढे. फरक इतकाच, की गिल्मोरच्या काळातील ध्वनिमुद्रिका आणि कार्यक्रमांची चित्रीकरणे उपलब्ध आहेत. कोणत्या गीतास कोणती गिटार हातात आहे, तिच्या तारा कशा लावल्या आहेत, हे त्यांवरून एकेक करून टिपता येईल. ते काम चिकाटीचे आहे. पदव्युत्तर प्रबंधास पुरेल इतके तरी खास आहे.