हेर अणू

हेवेसी हा हंगेरियन तरुण १९११ साली मँचेस्टरला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. जिच्या घरी तो पैसे देऊन राहत-जेवत असे, ती बाई पानांत उरलेले मांस पुढल्या दिवसांत नवे म्हणून वाढते, असा त्याला संशय होता. बाई साफ नाकबूल जाई. तेव्हा त्याने एकदा उष्ट्यात चिमूटभर किरणोत्सर्गी द्रव्य मिसळले आणि काही दिवसांनी पुढ्यात आलेल्या पदार्थाजवळ यंत्र धरले. चोरी उघडी पडली, अशी कथा सांगतात. किरणोत्सर्गी अणू हेर म्हणून पाठवण्याच्या या विद्येबद्दल त्याला १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; अर्थात त्या जेवणाकरिता नव्हे!

असाच हेर प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी हवा होता. पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी ही ग्रंथी. ती शस्त्रक्रियेने काढावी, घरच्यांनी निःश्वास टाकावा, आणि वर्षा-दोन वर्षांत रक्तातले पीएसए पुन्हा चढू लागावे. रोग परतला एवढे कळते. कोठे दडला आहे, ते मात्र कळत नाही.

१९८७ साली अमेरिकेत या पेशींच्या आवरणावरील एका प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड सापडल्याचे प्रसिद्ध झाले. त्याला किरणोत्सर्गी इंडियम जोडलेले औषध १९९६ मध्ये मान्य झाले. पण दैव पाहा! हे प्रतिपिंड प्रथिनाच्या आतल्या टोकाला चिकटे. जिवंत पेशीचे दार त्याला बंद; मेलेल्या पेशीतच काय तो प्रवेश. शिवाय ते बोजड असल्याने रक्तात रेंगाळे, चित्र चार-पाच दिवसांनी घ्यावे लागे, आणि तेही धूसर.

किल्ली शेजारच्याच खोलीत होती. मेंदूचे रसायन अभ्यासणाऱ्यांना एक एन्झाइम ठाऊक होते. तेच हे प्रथिन, असे १९९६ मध्ये सिद्ध झाले. मेंदूच्या विकारांवर उपयोग होईल म्हणून त्या एन्झाइमला अडवणारे चिमुकले रेणू तयार होतच होते. कोझिकोव्स्की यांचे असे रेणू घेऊन पॉम्पर यांनी त्यांवर किरणोत्सर्गी अणू बसवले. पुढे जर्मनीत हायडेलबर्ग येथे अशाच एका रेणूला गॅलियम-६८ जोडले गेले, आणि २०११ मध्ये पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. हे गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मे होते. पण हलका रेणू तासाभरात मुक्कामी पोचतो, म्हणून ते पुरते.

ऑस्ट्रेलियात ३०२ रुग्णांवर तुलना झाली, तिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला. रोग पसरला आहे की नाही, हे जुन्या तपासण्यांनी शंभरात ६५ वेळा बरोबर सांगितले, नव्या हेराने ९२ वेळा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

या प्रथिनाच्या नावात 'प्रोस्टेट' आहे खरे, पण लाळग्रंथी आणि मूत्रपिंडेही चित्रात लखलखतात. पाहणीत त्याचे काही बिघडत नाही. मात्र पुढे गॅलियमच्या जागी ल्युटेशियम-१७७ घालून हेराला शस्त्रही देण्यात आले (हे ल्युटेशियम आपल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते), आणि तेव्हापासून या उपचाराच्या रुग्णांना कोरड्या तोंडाचा त्रास संभवतो.